माळढोकाहून जड कुणी उडालं होतं का? – सोलापूरच्या काळ्या पाषाणावरचं आकाश

माळरान
शनिवार, रात्री १०:१२

आज पहाटे भाचीला घेऊन नान्नजला गेलो होतो. माळढोक काही दिसला नाही. मनोऱ्यावर तीन तास बसलो, काळविटांचा कळप पाहिला, चंडोल ऐकले आणि परत फिरलो. पण पोरीच्या डोक्यात माळढोकच बसला होता. नर चौदा-पंधरा किलोपर्यंत भरतो आणि उठण्याआधी चार पावलं धावतो, हे मीच तिला सांगितलं होतं. बार्शी रोडला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "मामा, एवढं जड उडतं म्हणजे ह्याच्याहून जड कधीच कुणी उडालं नसेल, हो ना?"

उडालं होतं. तेही दोनशे-अडीचशे किलोचं. मग सोलापूर येईपर्यंत गाडीवर तिला टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी, सांगत आलो. घरी आल्यावर वाटलं, हे इथंही मांडावं. ह्या प्राण्यांचा मला लहानपणापासून लळा आहे आणि त्यांच्याविषयी मराठीत बोलायला माणसं मिळत नाहीत.

पहिली गोष्ट, टेरोसॉर म्हणजे डायनोसॉर नव्हेत. चुलत घराणं म्हणा. दोघांचा पूर्वज एक, पण वाटा फार लवकर फुटल्या. चिमणी-कावळे मात्र थेट डायनोसॉरांच्या वंशातले आहेत, टेरोसॉरांच्या नाही. टेरोसॉरांना मागे कुणी वारस उरला नाही.

दुसरी गोष्ट, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत पंख मारत उडायला सगळ्यात आधी शिकले ते हे. साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीपासून त्यांची हाडं सापडतात. पक्षी त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी आले आणि वटवाघळं तर अगदी अलीकडची, पाचेक कोटी वर्षांपूर्वीची. टेरोसॉर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आकाशात त्यांनी १५ कोटींहून जास्त वर्षं काढली. ह्यांना कुणी निसर्गाचा फसलेला प्रयोग म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आणि तिसरी, पंखाची. वटवाघळाच्या पंखात चार बोटं ताणलेली असतात, छत्रीच्या काड्यांसारखी. पक्ष्याची बोटं आक्रसून गेली आणि पिसांनी काम उचललं. टेरोसॉराचा सगळा पंख एकाच बोटावर. बरेच जण करंगळी म्हणतात, पण ती त्यांना नव्हतीच. पंख पेलत होती ती अनामिका. हाताची तीन बोटं साधी, नख्यांची, आणि चौथं बोट अंगाहूनही लांब. त्या बोटाच्या टोकापासून खाली कुशीपर्यंत आणि मागच्या पायापर्यंत पडदा ताणलेला. मनगटापाशी आणखी एक काडीसारखं हाड, टेरॉइड नावाचं, जे दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात नाही. खांद्यापुढचा छोटा पडदा त्या हाडानं वरखाली व्हायचा.

आता भाचीचा दुसरा प्रश्न, ज्याचं पुरतं उत्तर मला देता आलं नाही: "आपल्या सोलापूरवरून उडाले असतील का?" जाणकारांनी लिहावं.

सातरस्ता
शनिवार, रात्री १०:४०

छान लिहिलंय. पण एक शंका. आम्ही वाचलं होतं ते असं की हे प्राणी नीट उडत नसत, कड्यावरून उडी टाकून नुसते तरंगत. जमिनीवर उतरले तर पुन्हा उठता येत नसे. अडीचशे किलोचं धूड पंख फडफडवून उठणार तरी कसं? माळढोकालाच एवढे कष्ट पडतात.

माळरान
शनिवार, रात्री ११:२५

सातरस्ता, तुमची शंका रास्त आहे आणि अभ्यासकही बरीच वर्षं तसंच मानत होते. चूक झाली ती त्यांना पक्ष्यासारखं दोन पायांवर उभं करण्यात.

पक्षी उठतो तो पायांच्या जोरावर. उडण्याचे खरे दणकट स्नायू छातीत आणि पंखांत, पण जमीन सोडताना ते मोकळेच राहतात. पाय दणकट करावेत तर वर गेल्यावर तेच ओझं. म्हणून पक्ष्यांच्या वजनाला मर्यादा पडते. टेरोसॉर मात्र चालायचे चारी पायांवर. त्यांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत, फ्रान्समधल्या क्रेसाक इथले तर फारच स्पष्ट. तीन छोटी बोटं जमिनीवर टेकलेली आणि पंखाचं लांब बोट वर-मागे दुमडून घेतलेलं. मायकेल हबीब ह्या अभ्यासकांनी २००८ मध्ये हाडांच्या ताकदीचा हिशेब मांडून दाखवला की हे उठायचे हातांच्या जोरावर. मागचे पाय आधी ढकलायचे, मग हात झटक्यानं जमीन रेटायचे आणि अंग वर उसळलं की पंख उघडायचा. ज्या स्नायूंनी उडायचं त्यांनीच उडीही मारायची. रक्त पिणारी वटवाघळं आजही जमिनीवरून अशीच उठतात.

नुसते तरंगत असते तर दंडाच्या हाडावर एवढा मोठा कंगोरा कशाला लागला असता? तिथं पंख खाली खेचणारे स्नायू जोडलेले असायचे. २००३ मध्ये दोन टेरोसॉरांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन करून मेंदूचा आकार काढला गेला. तोल आणि नजर सांभाळणारा जो फ्लॉक्युलस नावाचा भाग असतो, तो पक्ष्यांत मेंदूच्या एक-दोन टक्के असतो, ह्यांच्यात साडेसात टक्के निघाला. पडद्याच्या कणाकणाकडून येणारी खबर तिथं जमा होत असावी असं मानतात.

धोटा
रविवार, सकाळी ७:०५

नमस्कार. आमचं घर भद्रावती पेठेतलं, तीन पिढ्या मागावर. मला प्राण्यातलं काही कळत नाही, पण पडद्याचं वाचून एक विचारायचंय. चादर असो की टॉवेल, काठ धरून एका बाजूनं ओढलं की मधला भाग फडफडतो, लाटा पडतात. एकाच बोटावर अंगाहून लांब पडदा, आणि वाऱ्यात? त्याला काहीतरी आतून धरून ठेवणारं पाहिजे की ओ. नाहीतर पहिल्याच झोताला फाटेल.

माळरान
रविवार, सकाळी ८:३०

धोटा दादा, तुम्ही नेमका धागा पकडलात.

पडदा नुसतं कातडं नव्हता. त्यात बारीक ताठर तंतू होते, ॲक्टिनोफायब्रिल म्हणतात त्यांना. पंखाच्या टोकाकडे ते लांब आणि जवळजवळ समांतर, अंगाकडे येताना मऊ आणि विरळ. म्हणजे टोकाकडचा भाग ताठ आणि अंगाजवळचा ताणणारा, घडी पडणारा. चीनमधल्या जेहोलॉप्टेरस नावाच्या छोट्या टेरोसॉराच्या पंखात २००९ मध्ये अशा तंतूंचे तीन थर दिसले आणि प्रत्येक थराची दिशा वेगळी होती. तुमच्या ताण्या-बाण्यासारखे ते एकमेकांत गुंफलेले नव्हते, एकावर एक ठेवलेले होते. पण काम तेच, एका दिशेला ताण आला तर दुसरा थर धरून ठेवणार. त्याखेरीज पडद्यात स्नायूंचे बारीक पट्टेही होते. म्हणजे प्राण्याला पडदा स्वतः घट्ट किंवा सैल करता येत असे.

धोटा
रविवार, सकाळी ८:५२

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, टोकाला ताठ आणि अंगाला मऊ असं एकाच कापडात काढायचं तर ताणा भरतानाच ठरवावं लागतं, नंतर जमत नाही. त्यांना फार आवडलं.

चाटी गल्ली
रविवार, सकाळी ९:१०

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. जर्मनीत असे उडणारे प्राणी चपट्या चुनखडकात सापडले असं वाचलंय. शहाबादीही चुनखडकच ना? आणि शहाबाद इथून रेल्वेनं काही तासांवर. मग तिथं कुणी शोधलं का?

निवृत्त भूगोल
रविवार, सकाळी १०:०५

चाटी गल्ली, प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण असे प्रश्न कमी वेळा आले.

तुम्ही म्हणता तो खडक बव्हेरियातला झोल्नहोफेनचा. त्याचे पातळ, गुळगुळीत थर निघतात. आलोइस झेनेफेल्डर ह्यांनी १७९६ मध्ये शिळाछापाची कला शोधली ती ह्याच दगडावर. १५ कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ, खारट, संथ पाण्याची डबकी होती. तळाशी प्राणवायू नाही, म्हणून कुजवणारे किडेजीव नाहीत, आणि वरून पिठासारखा चुन्याचा गाळ. जे बुडालं ते जसंच्या तसं राहिलं, पडद्याच्या ठशासकट. तिथलाच एक सांगाडा मानहाइमच्या राजसंग्रहात होता. संग्रहाचे प्रमुख कोझिमो कोल्लिनी ह्यांनी १७८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. लांब बोट पाहून त्यांना तो समुद्री प्राणी वाटला. पॅरिसच्या जॉर्ज क्युव्हिए ह्यांनी १८०१ मध्ये ओळखलं की हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे, आणि १८०९ मध्ये 'पंख-बोट' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. टेरोडॅक्टिल हा शब्द तिथून आला. आज लोक सगळ्याच टेरोसॉरांना टेरोडॅक्टिल म्हणतात, ते बरोबर नाही. ते एका छोट्या जातीचं नाव.

आता तुमची फरशी. ती भीमा खोऱ्यातल्या चुनखडकाची, आणि तो खडक टेरोसॉरांहून कितीतरी जुना, हाडं असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता तेव्हाचा. फरशीत सांगाडा सापडणार नाही. पण सकाळी तिच्यावर पाय ठेवाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की टेरोसॉर जन्मले तेव्हाही ती जुनीच होती.

करमाळ्याची अश्विनी
रविवार, दुपारी १२:२०

मला ह्यातल्या पिल्लांविषयी वाचायला आवडतं, म्हणून थोडी भर.

टेरोसॉर अंडी घालायचे हे पक्कं कळलं २००४ मध्ये, चीनमधल्या जीवाश्मांवरून. कवच पक्ष्याच्या अंड्यासारखं कडक नव्हे, सापाच्या अंड्यासारखं मऊ, चामडी. २०१७ मध्ये शिंजियांगमधून हॅमिप्टेरस नावाच्या टेरोसॉराची एकाच ठिकाणची २१५ अंडी प्रसिद्ध झाली आणि त्यातल्या १६ अंड्यांत गर्भाची हाडं होती. म्हणजे थव्यानं, एकाच जागी अंडी घालत असावेत. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेच उडायची की नाही ह्यावर वाद आहे, पण त्यांच्या पंखांची हाडं पाहता फार लवकर उडत असावीत असं बरेच जण म्हणतात.

ह्याच बाबतीत २०२५ मध्ये झोल्नहोफेनच्या दोन पिल्लांवर काम झालं. पंख पसरला तर वीतभरच, साधारण २० सेंटिमीटर. दोघांच्याही दंडाचं हाड तिरकं मोडलेलं, वाऱ्याच्या पिळानं मोडावं तसं. वादळात सापडून पाण्यात पडली आणि गाळाखाली गेली असा निष्कर्ष. मला वाचताना भरून आलं. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका वादळी दिवसाची खूण त्या इवल्या हाडात राहिली.

आणि आमच्या उजनीशी जोडणारी एक गोष्ट. हिवाळ्यात भीमेच्या फुगवट्यावर रोहित येतात, मान उलटी करून चिखलपाणी गाळत बसतात. अर्जेंटिनात टेरोडॉस्ट्रो नावाचा टेरोसॉर होता, त्याच्या खालच्या जबड्यात ब्रशच्या केसांसारखे जवळजवळ हजार दात. पाणी भरायचं, गाळायचं, राहिलेले सूक्ष्म जीव गिळायचे. रोहिताला दात नाहीत, चोचीच्या कडेला झालर असते. नातं काही नाही, पण एकाच कामासाठी दोघांनी सारखी युक्ती काढली. ह्या हिवाळ्यात रोहित पाहाल तेव्हा आठवा.

शेंगाचटणी
रविवार, दुपारी १:४५

जटायू, गरुड ह्या कथा अशाच एखाद्या प्राण्याच्या आठवणीतून आल्या असतील का? आजी जटायूची गोष्ट सांगायची तेव्हा मी असंच काही डोळ्यांपुढे आणायचो.

निवृत्त भूगोल
रविवार, दुपारी २:३०

कुणा माणसानं टेरोसॉर पाहिला असणं शक्य नाही. आपली जात फार तर तीन लाख वर्षांची, आणि ते गेले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. जटायू आपल्या मनातला आहे आणि तिथं त्याची जागा मोठी आहे. ती राहू द्यावी, हाडांशी जोडू नये.

बोअरवाला
रविवार, सायंकाळी ६:१५

मी अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूर ह्या भागात बोअर मारतो, बावीस वर्षं झाली. माळरान सरांनी विचारलंय की सोलापूरवरून उडाले असतील का. माझ्याकडे पुस्तकी उत्तर नाही, पण खाली काय लागतं ते सांगतो.

आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाषाणात हातोडा तासन् तास चालतो. आणि मग कुठे शंभर फुटांवर, कुठे दोनशेवर, अचानक तांबडी माती येते. पाण्याबरोबर लाल चिखल वर येतो, पाटावर पसरतो. मग पुन्हा काळा पाषाण. नवीन शेतकरी घाबरतात, म्हणतात आत माती कशी? आम्हीही सांगू शकत नाही. हे काय असतं?

निवृत्त भूगोल
रविवार, सायंकाळी ७:४०

बोअरवाले, सकाळपासून मी ह्याच गोष्टीवर यायचं म्हणत होतो आणि तुम्ही ती आयती हातात दिलीत.

आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हा. पृथ्वीच्या पोटातून फुटून थरावर थर पसरत गेला. आज दख्खनच्या पठारावर तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भागावर आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. पण तो एका दिवसात आला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग पुढचा थर येईपर्यंत कधी शेकडो, कधी हजारो वर्षं जायची. तेवढ्यात वरचा दगड झिजून त्याची माती व्हायची, तीवर झाडझाडोरा यायचा. मग नवा लाव्हा येऊन ती माती भाजून काढायचा. तुमची तांबडी माती ती हीच. बोअरमधून तुम्ही वर काढता तो चिखल म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची उघडी जमीन आहे, जिच्यावर ऊन पडत होतं आणि पाऊस पडत होता.

काही ठिकाणी लाव्हाच्या थरांमध्ये तळ्यांचा गाळही अडकला. मुंबईत वरळीला अशा गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले, नागपूरकडे झाडांचे आणि फळांचे.

आता काळ जुळवून पाहा. हे लाव्हाचे उद्रेक सात-दहा लाख वर्षं चालले आणि त्याच काळात मेक्सिकोत चिक्शुलूबला, डायनोसॉरांचा अंत जिच्याशी जोडतात ती, उल्का आदळली. टेरोसॉर गेले ते त्याच सुमारास. म्हणजे आपण ज्या दगडात विहिरी खणतो, तो दगड वितळलेला होता तेव्हा शेवटचे टेरोसॉर आकाशात होते.

भुईकोट
रविवार, रात्री ८:२०

मग आपल्याच लाव्हानं त्यांना संपवलं असं म्हणायचं का?

माळरान
रविवार, रात्री ९:०५

भुईकोट, एवढं सरळ म्हणता येत नाही. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ ह्या बापलेकांनी १९८० मध्ये इरिडियमच्या (जमिनीवर दुर्मीळ, उल्कांत जास्त असलेल्या धातूच्या) थरावरून उल्केची कल्पना मांडली, पुढे सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवरही सापडलं. बहुतेक अभ्यासक आज मुख्य घाव उल्केचाच मानतात. लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवामान आधीच किती डळमळलं होतं, ह्यावर अजून भांडण चालू आहे.

पण एक जुना समज मोडलाय, तो सांगायलाच हवा. शेवटी शेवटी टेरोसॉर आपोआपच कमी होत चालले होते, पक्ष्यांनी त्यांना हटवलं, असं म्हणायचे. २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींतून अगदी शेवटच्या दहा लाख वर्षांतले किमान सात जातींचे, तीन वेगवेगळ्या कुळांतले टेरोसॉर समोर आले. लहान-मोठे, वेगवेगळ्या पद्धतीनं जगणारे. म्हणजे घराणं नांदतं होतं आणि अचानक बुडालं.

त्या अखेरच्या काळातलेच सगळ्यात मोठे. डग्लस लॉसन ह्या विद्यार्थ्याला १९७१ मध्ये टेक्सासच्या बिग बेंडमध्ये पंखाचं हाड सापडलं. १९७५ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं केत्सालकोआत्लस, मेक्सिकोच्या पिसांच्या नागदेवावरून. पंखांचा पसारा १० ते ११ मीटर. आजच्या सगळ्यात लांब पंखांच्या अल्बाट्रॉसचा साडेतीन. उभा राहिला तर जिराफाएवढा. पाण्यावर झेपावणारा तो नव्हताच. माळावर करकोच्यासारखा पावलं टाकत, खाली चोच मारून लहान जनावरं उचलणारा असावा. त्याच्या कुळातल्या एका प्राण्याच्या मानेच्या मणक्याचा २०२१ मध्ये स्कॅन झाला. आतून पोकळ, आणि मधल्या नळीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत सायकलच्या चाकासारखे आरे. हिशेब निघाला की असे पन्नासेक आरे असले तरी मणका ९० टक्के जास्त भार सोसतो. भिंत कागदासारखी पातळ, आणि मान दीड मीटर लांब. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

निवृत्त भूगोल
रविवार, रात्री ९:५०

मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. थोडक्यात लिहितो.

भारतात टेरोसॉरांची हाडं फारच थोडी. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोटा थरांतून सोहनलाल जैन ह्यांनी १९७४ मध्ये एका टेरोसॉराचं वर्णन केलं, कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस. अवशेष इतके तुटपुंजे की नावाबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण ते थर ज्युरासिक काळातले, म्हणजे लाव्हाच्या कितीतरी आधीचे.

सोलापूरच्या खाली काय आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतली गेली. आधी ३३८ मीटर लाव्हा. मग साधारण आठ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक. ते आठ मीटर म्हणजे लाव्हा येण्याआधीची आपली जमीन. किल्लारी इथून फार लांब नाही. त्या जमिनीवर कुणाची सावली पडली असेल तर तिची खूण त्या आठ मीटरमध्ये असणार, आणि तिच्यावर ३३८ मीटर पाषाणाचं झाकण आहे.

माझं मत विचाराल तर उडाले असतील. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रानं वेढलेला होता. पण १० मीटर पंखांच्या प्राण्याला समुद्र म्हणजे अडथळा नव्हता. भाचीला सांगा, उडाले असावेत, पुरावा हाती नाही.

बोअरवाला
सोमवार, सकाळी ६:५०

सर, आज तांबडी माती लागली तर बाटलीत भरून ठेवतो. शेतकऱ्यालाही सांगतो काय आहे ते.

धोटा
सोमवार, रात्री ९:१५

माळरान दादा, आज भाचीला घेऊन आलात, बरं वाटलं. बाकीच्यांसाठी लिहितो. वडिलांनी ताण्याच्या सुताचा कोन (गुंडाळी) काढून दिला आणि म्हणाले, मोजा तो पंखांचा पसारा किती होतो ते. माग चालतो त्या खोलीत मावेना. गच्चीवरही मावेना. मग गल्लीत उतरलो. आमच्या उंबऱ्यावर मी सूत धरलं, तुमची भाची कोन सोडत समोरच्या कडेला गेली, तिथून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत. साडेदहा मीटर. गल्लीतली पोरं गोळा झाली, दुकानदार बाहेर आले. सूत एवढं लांब धरलं की मधे झोळ येतो, म्हणून दोन पोरांना मधे उभं केलं. ती म्हणाली, मधे कुणी धरायचं नाही, त्याला कुणी धरलं नव्हतं.